फाटकी कड, सरळ रेघ

"हे फाटलेलं नाही, कातरलेलं आहे," बाई फोनवर म्हणाल्या, आणि जावईबापूंनी माऊस बाजूला सरकवला.

जावईबापू म्हणजे एका छोट्या डिझाइन कंपनीत काम करणारे, चाळिशीला टेकलेले, घरी बसून पगार मिळवणारे एक सज्जन गृहस्थ. आठवडाभर सासू-सासरे मुक्कामाला होते आणि घरात हीच हाक घुमत होती, तेव्हा आपणही तीच चालवू. बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. आणि काम म्हणजे एका जुन्या कारखान्याच्या शंभर वर्षांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. जुना फोटो, आणि त्याच्या चारी कडा फाटक्या, जणू कुणी जुन्या वहीतून ओरबाडून काढलाय. ऐकायला सोपं वाटतं. खरा कागद फाडायला दोन वर्षांचं मूल पुरतं, पण कॉम्प्युटरवर तो फाडायला घेतला की माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

सकाळपासून हा तिसरा प्रयत्न होता. पहिल्यांदा त्यांनी माऊस थरथरवत हातानेच कड काढली. बाई म्हणाल्या, उंदराने कुरतडल्यासारखी वाटते. मग त्यांनी तयार मिळणारा फाटक्या कडांचा ब्रश फिरवला, तर दर इंचाला तोच चावा, तोच खड्डा. बाई म्हणाल्या, हे बिस्कीट आहे. तिसऱ्यांदा कडेला पांढरी झालर लावली आणि खाली हलकी सावली सोडली. त्यावर निकाल आला, कातरलेलं.

"मग मी करू तरी काय?" जावईबापूंनी विचारलं.

"खरा कागद घ्या, खरा फाडा आणि स्कॅन करा. जुना, जाड कागद बघा. आधी ओलं बोट फिरवायचं आणि मग हळू ओढायचं, म्हणजे पांढरे धागे सुटतात. चार बाजूंना चार वेगळ्या कडा हव्यात मला. बारा वाजता फाइल छापखान्यात जातेय."

"पण साडेदहा वाजलेत, बाई."

"म्हणूनच बोलत बसू नका."

घरात कुणी नव्हतं. सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं, आणि बायको आणि सासूबाई त्यांना घेऊन आठ वाजताच दवाखान्यात गेल्या होत्या. जावईबापूंनी प्रिंटरचा कागद फाडून पाहिला. तो जुन्या चादरीसारखा सुळकन फाटला, ना धागा ना झालर. वर्तमानपत्र फाडलं तर त्याला नुसते केस आले. विजेच्या बिलापर्यंत गेलेला हात त्यांनी वेळीच मागे घेतला. आणि तेवढ्यात त्यांना सासऱ्यांची नळी आठवली.

सासरे आयुष्यभर एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे हाताने काढायचे. येताना त्यांनी एक कपड्यांची बॅग आणली होती आणि एक पुठ्ठ्याची लांब नळी. आदल्याच दिवशी जेवताना ते म्हणाले होते, "नळीत आमच्या वेळचे कोरे कागद आहेत, जावईबापू. असा कागद आता मिळत नाही. लागले तर वरचे घ्या." जेवताना जावई सासऱ्यांचं बोलणं जितकं ऐकतो तितकंच जावईबापूंनी ऐकलं. 'कोरे कागद' तेवढे डोक्यात राहिले, 'वरचे' हा शब्द भाताबरोबर पोटात गेला.

नळीतल्या गुंडाळीत चार कागद होते. सगळ्यात आतला सगळ्यात पिवळा, सगळ्यात जाड. जावईबापूंनी तोच बाहेर ओढला. कोरा करकरीत. मधोमध ओलं बोट फिरवलं, श्वास रोखला आणि ओढलं. काय कड निघाली म्हणता. पांढरे रेशमी धागे, मध्येच एक पापुद्रा, मध्येच एक हळुवार वळण. फक्त एका कोपऱ्यात जरा जास्तच फाटलं, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं सवयीने टेबलावरच 'मागे जा'ची कळ शोधायला लागली. ती काही सापडली नाही. मग दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजूने आणखी पट्ट्या काढल्या आणि चार कडा पुऱ्या केल्या. स्कॅन झाल्यावर पट्ट्यांचा चोळामोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. बाराला दहा कमी असताना मुखपृष्ठ रवाना झालं.

"ही खरी कड," बाई म्हणाल्या. बाई वर्षातून एकदाच कौतुक करतात, आणि ते त्या दिवशी झालं. जावईबापू खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी पाय लांब केले.

साडेबाराला बायकोचा फोन आला. "ऑपरेशन छान झालं. बाबा बोलतायत वगैरे. ऐक, त्यांचा एक निरोप आहे. नळीतला सगळ्यात आतला कागद बाहेर काढून ठेव. गुंडाळून राहिलाय, सपाट कर. उद्या सकाळी पट्टी निघाली की पहिल्यांदा तोच बघायचाय म्हणतात."

जावईबापूंनी पाय जवळ घेतले. "सगळ्यात आतला कोणता?"

"अरे, तो. पुलाचा."

"कोणत्या पुलाचा?"

"तुला माहीत नाही का तो पूल? ठेवते, डॉक्टर आलेत."

जावईबापूंनी टेबलावरचे दोन तुकडे उलटे केले. डाव्या तुकड्यावर पेन्सिलीने काढलेला अर्धा पूल होता. उजव्यावर उरलेला अर्धा.

तो पूल त्यांना माहीत नव्हता असं कसं म्हणावं? लग्न झाल्यापासून ते तो ऐकत आले होते. चाळीस वर्षांपूर्वी सासऱ्यांची हेड ड्राफ्ट्समनची खुर्ची या नकाशापायी गेली. पुलाच्या माथ्याची एक लांब आडवी रेघ होती. मोठे साहेब म्हणाले, ही रेघ मधोमध मोडलीय, टी-स्क्वेअर, म्हणजे रेघ ओढायची लांब पट्टी, सरकलाय. सासरे म्हणाले, सरळ आहे. साहेबांनी खुर्ची दुसऱ्याला दिली. सासरे नकाशा घेऊन घरी आले आणि त्यांनी तो सासूबाईंना दाखवला. सासूबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत, आणि हाच त्यांचा दोष. त्या म्हणाल्या, मोडलीय. तेव्हापासून चाळीस वर्षं त्या घरात हे भांडण आठवड्यातून एकदा तरी होत आलं होतं. आता नवा डोळा आल्यावर सासऱ्यांना ती रेघ स्वतः पाहायची होती. आणि कागद फाटला होता तो बरोब्बर मधोमध.

जावईबापू कचऱ्याच्या डब्याकडे धावले. पट्ट्या चहाच्या चोथ्यात मुरून लगदा झाल्या होत्या.

चार वाजता मंडळी परत आली. सासऱ्यांच्या डोळ्यावर जाड पांढरी पट्टी होती, आणि डावा डोळा तर आधीपासून नावालाच होता. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं.

"कागद काढलात का, जावईबापू?"

"हो बाबा."

"सपाट केलात?"

"अगदी सपाट."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. दोन तुकडे दोन जाडजूड शब्दकोशांखाली सपाट होऊन पडले होते. पण जावईबापूंचा सदरा पाठीला चिकटला होता. ते बायकोच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"मी तो कागद फाडला."

"कोणता?" बायकोने गॅस पेटवता पेटवता विचारलं.

"तोच."

गॅस पेटला नाही. "फाडलास?"

"चार वेळा."

"चार?"

"चार कडा हव्या होत्या ना."

बायको ओट्याला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले, आणि तिला आधी रडावं की आधी नवऱ्याला झोडावं हे कळेना. "अरे, ऑपरेशनला आत नेताना सुद्धा त्यांनी मला तेच सांगितलं. एकदा ती रेघ बघितली की झालं म्हणाले. आणि तू त्याचे तुकडे केलेस. काय म्हणावं तुला?"

"जाऊन सांगून टाकू का?"

"आत्ता? डोळ्याला पट्टी असताना? डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना त्रास होईल असं काही करायचं नाही." तिने डोळे पुसले. "तुला दिवसभर फाडता येतं, मग जोडता येत नाही का?"

जोडायला जावईबापू बसले. दोन्ही तुकडे स्कॅन झाले, पडद्यावर समोरासमोर आले. मध्ये दोन बोटं रुंद मोकळी जागा होती, कारण तिथला पूल डब्यात होता. तेवढा भाग भरून काढणं हातचा मळ. खांब खाली उतरवले, दगड भरले. राहिली रेघ. आणि इथे जावईबापूंचा हात थबकला. उजवा तुकडा केसभर फिरवला की रेघ सरळ व्हायची. केसभर उलटा फिरवला की मधोमध मोडायची. दोन्हीही तितकंच खरं वाटत होतं.

"मुळात होती कशी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला काय माहीत? आम्हाला कधी हात लावू दिलाय? बाबा म्हणतात सरळ."

"आणि आई म्हणतात मोडलेली."

चाळीस वर्षांचं भांडण आता जावईबापूंच्या एका बोटाखाली होतं, आणि त्या बोटाला घाम फुटला होता.

"सरळ कर," बायको शेवटी म्हणाली. "खुर्ची गेली ती गेली. निदान रेघ तरी मिळू दे त्यांना."

छापलेली रेघ ड्राफ्ट्समनला चालणार नव्हती, पेन्सिलच हवी होती. म्हणून जोडलेला नकाशा गडद छापून त्यांनी खिडकीच्या काचेवर चिकटवला, त्यावर नळीतला एक कोरा कागद लावला आणि मावळतीचं ऊन होतं तोवर मोजपट्टी धरून रेघ न् रेघ गिरवली. खालची अक्षरं बायकोने काढली, कारण ती अक्षर काढायला शिकली तीच बाबांकडून. मध्येच सासूबाई खोलीत आल्या.

"खिडकीशी काय चाललंय?"

"काच पुसतोय, आई," जावईबापू कागदाला पाठ लावून म्हणाले.

"कागदाने?"

"कागदाने जास्त चकाकते."

"पाठीने पुसू नका, सदरा खराब होईल," असं म्हणून सासूबाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पट्टी निघाली आणि अकराला सासरे काळा चष्मा लावून घरी आले. खिडकीजवळ बसून त्यांनी चष्मा काढला. आधी मुलीला म्हणाले, "तुझे केस पिकायला लागले की गं." मग सासूबाईंकडे बराच वेळ पाहिलं आणि हसले. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही असे दिसता होय." हे कौतुक होतं की काय ते कळलं नाही. जावईबापूंना तेव्हा कशाचंच काही कळत नव्हतं.

कागद पुढे आला. सासऱ्यांनी मोजपट्टी मागितली आणि रेघेवर ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. कागदावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुम्ही दोघी जरा चहा टाका."

दोघी आत गेल्या. बायको जाताना नवऱ्याकडे अशी बघत गेली की जणू हे शेवटचंच बघणं.

"ही रेघ कुणी काढली?" सासऱ्यांनी विचारलं.

जावईबापूंनी सगळं सांगून टाकलं. ओलं बोट, चार कडा, चहाचा चोथा, खिडकीची काच. "माझं चुकलं, बाबा. तुमची एकच इच्छा होती आणि ती मी डब्यात टाकली. पण तुम्हाला कळलं कसं? अक्षर चुकलं का?"

"अक्षर चांगलं आहे. रेघ सरळ काढलीत, तिथे फसलात." सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "मोडली होती ती. टी-स्क्वेअर सरकला तेव्हाच मला हाताला कळलं होतं."

"मग चाळीस वर्षं..."

"साहेबांसमोर एकदा सरळ म्हणून बसलो. मग घरी कसं बदलणार? आणि हिच्याशी एकदा बोललो की मागे घ्यायची सोय नाही. काल टेबलावर पडल्या पडल्या ठरवलं होतं, उद्या नव्या डोळ्याने बघायची आणि हिच्यासमोर कबूल करून टाकायचं. म्हटलं, मरायच्या आधी एकदा तरी ही जिंकू दे."

जावईबापू काही बोलणार तोच चहा आला. मागोमाग सासूबाई आल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी चष्मा चढवून कागद ओढून घेतला. पट्टी लावली. एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. "सरळच आहे हो. मी चाळीस वर्षं तुम्हाला उगाच बोलत आले." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

रडणाऱ्या सासूबाईंना ही रेघ जावयाने काढलीय हे कसं सांगायचं, हे सासऱ्यांना सुचेना. मुलीने तेवढ्यात आईला पाणी आणून दिलं.

वाटलं, प्रकरण मिटलं. पण दुपारपासून सासूबाई बदलल्या. त्यांनी आपल्या बहिणीला फोन करून सांगितलं की ह्यांचंच खरं होतं. सासरे म्हणाले पंखा कमी कर, त्यांनी कमी केला. भाजीत मीठ नाही म्हणाले, त्यांनी निमूट मीठ आणून दिलं. मीठ आधीच बरोबर होतं. सासऱ्यांनी ती खारट भाजी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. संध्याकाळी ते जावईबापूंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरला होता.

"जावईबापू, मी तिला म्हटलं, आज मंगळवार आहे."

"आज बुधवार आहे, बाबा."

"मला माहीत आहे. ती म्हणाली, हो, मंगळवारच." ते स्टुलावर बसले. "ही माझ्याशी भांडते ना, म्हणून मला घरात कुणी आहेसं वाटतं. आज दिवसभर मी एकटाच होतो. ती रेघ मोडता येईल का?"

"म्हणजे?"

"केसभर. मधोमध. तिची तिला सापडू दे, मग मी कबूल करतो."

सासूबाई फिरायला गेल्या होत्या. खोडरबर आला. मधला भाग पुसला गेला आणि पेन्सिल सासऱ्यांनी घेतली, कारण मोडायची तर मूळ हाताने मोडलेली बरी. पट्टी सरकवत त्यांनी रेघ ओढली. ताणलेल्या दोरीसारखी सरळ आली. पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा डोळे मिटून ओढली, तरी सरळ.

"नको होतं तेव्हा सरकला हात," सासरे कपाळ पुसत म्हणाले, "आणि आता सरकायला तयार नाही. घ्या, तुम्ही काढा."

जावईबापूंनी पेन्सिल घेतली. पहिल्याच झटक्यात रेघ मोडली. सासऱ्यांनी ती नीट न्याहाळली आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुसताना सासूबाई थांबल्या. "अहो, जरा इकडे या. मोडलीय ही."

सासऱ्यांनी कागद हातात घेतला. जावईबापू आणि बायको चहाचे कप धरून दारात उभे राहिले.

"मोडलीय," सासरे म्हणाले. "त्याच दिवशी मोडली होती. मी आजवर खोटं बोललो तुझ्याशी. तुझंच खरं होतं."

या एका वाक्यासाठी सासूबाई चाळीस वर्षं भांडल्या होत्या. आता ते मिळालं तर त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. हातातल्या फडक्याची त्या उगाचच घडी घालत राहिल्या. मग घडी अर्धवट राहिली.

"पण मग काल मला सरळ कशी दिसली?"

जावईबापूंच्या घशात चहा अडकला. बायकोने त्यांच्या पाठीवर गरजेपेक्षा जोरात थाप मारली.

"तुझे डोळे डॉक्टरांना दाखवायला हवेत," सासरे शांतपणे म्हणाले.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? स्वतःचा एक डोळा काय नवा झाला, लागले लोकांचे तपासायला," सासूबाई कडाडल्या, आणि पुढचा अर्धा तास त्या आणि सासरे असे भांडले की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. सासऱ्यांनी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पण सासूबाई कुठलीही गोष्ट अर्धवट सोडत नाहीत. आपले डोळे ठणठणीत आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी दुपारीच दवाखान्यात फोन करून शुक्रवारची साडेदहाची वेळ घेतली. तपासायला येताना तो पुलाचा कागदही घेऊन येते, असं त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय. बरोबर जायचंय ते जावईबापूंना.